तांबूचे पन्नास ग्रॅम

पांढरी पावडर दिसली की तो चुनाच, असं समजण्याइतकं माझं शिक्षण झालंय. गोठ्यात माशा फार झाल्या होत्या, कोपऱ्यातल्या डब्यात पावडर होती आणि काकू बाजारात गेली होती. मी डबाभर पावडर मनापासून जमिनीवर भुरभुरली. ते काकूनं गायीसाठी आणलेलं खनिज मिश्रण होतं.

काकू आली. तिनं आधी जमीन पाहिली, मग मला.

"माशांची हाडं मजबूत होतील आता," एवढंच म्हणाली आणि हातातली पिशवीही खाली न ठेवता पुन्हा बाजाराला निघाली.

त्या पावडरीवर आमची तांबू गाय घरात राहणार की जाणार, हे ठरायचं होतं. व्यायल्याला आठ महिने झाले तरी गाय माजावर येत नव्हती. वर दावं चघळायची, भिंत चाटायची. एकदा काकांचा अर्धा बनियन तिनं फस्त केला. काकांच्या मते ती खोडकर होती, विकून मोकळं व्हावं. डॉक्टर म्हणाले, "खोड कसली, नुसत्या वाळल्या चाऱ्यावर अंगातले क्षार कमी पडलेत. रोज पन्नास ग्रॅम मिश्रण द्या, हिरवा चारा द्या, मग बघू." काकांनी दोन महिन्यांची मुदत दिली. त्यात माजावर आली तर राहील, नाहीतर गिऱ्हाईक.

तांबूनं पावडर हुंगली आणि तोंड फिरवलं. मग काकूनं ती ओल्या कोंड्यात कालवली आणि घमेलं चाटूनपुसून साफ होईपर्यंत समोर बसून राहिली. हे रोजचंच झालं. हिरव्या गवताच्या भाऱ्यासाठी कालव्यापर्यंत पायपीट. ताप आला त्या दिवशीही शाल गुंडाळून घमेल्यापाशी हजर.

"माझ्या ताटाकडे इतकं लक्ष दिलंस का कधी?" काकांनी विचारलं.

"तुम्ही बनियन खाल्ला असता तर दिलं असतं."

मुदतीला नऊ दिवस उरले असताना काका गिऱ्हाईक घेऊनच आले. काकू गोठ्याच्या दारात उभी राहिली.

"वहिनी, नुसती बघतो."

"नऊ दिवसांनी बघा."

दारातून ती तसूभरही हलली नाही. गिऱ्हाईकानं काकांकडे पाहिलं, काकांनी छपराकडे.

सहाव्या दिवशी सकाळी तांबू हंबरायला लागली. चाऱ्याला तोंड लावेना. काकूनं शेपटीमागे वाकून पाहिलं आणि ताठ झाली.

"माजावर आलीय! डॉक्टरांचा फोन बंद आहे. फेरीला निघायच्या आत त्यांना गाठ. आजचा दिवस हुकला तर तीन आठवडे गेले."

मी शेजारच्या शिंप्याची सायकल मागून घेतली आणि सुटलो.

संध्याकाळच्या आत डॉक्टर येऊन रेतनाची सुई देऊन गाय भरवून गेले. गाभण राहिली का ते कळायला वेळ होता.

"म्हणजे पावडर चालूच ठेवायची?" काका म्हणाले.

"चालूच. तुमची मुदत संपली, आता माझी." काकूनं घमेलं त्यांच्या हातात दिलं. "आज तुम्ही बसा समोर."

काका बसले.

सायकल मी शिंप्याच्या भिंतीला नीट टेकवून आलो. मागचं चाक पंक्चर झालंय, ते तेवढं काढून द्यायचं राहिलंय.