आशीर्वाद न मागता आलेला फोटो

आपल्या उमेळ्या गावच्या लेकरांनो, बोलतेय मी आणि टाइप करतेय सून ग्रेसी. मला अक्षर येत नाही, तेव्हा चुका सगळ्या तिच्या.

आज दुपारी आमच्या जोसेफच्या, म्हणजे ग्रेसीच्या नवऱ्याच्या नावाने कुवेतहून ईमेल आला. इंग्रजीत एकच ओळ, 'माझा फोटो बघ', आणि खाली फाइल. किती दिवसांत त्याचं तोंड पाहिलेलं नाही! ग्रेसीचा हात लगेच माउसवर.

"थांब गो," मी म्हटलं. "आशीर्वाद मागितलाय का?"

आमच्याकडे संध्याकाळची प्रार्थना झाली की पोरं मोठ्यांकडे आशीर्वाद मागतात. जोसेफ ईमेलही तसाच सुरू करतो. मग केळीच्या बागेची चौकशी, मग बायकोची.

"नाही मागितला. पण आई, घाईत असतील."

"घाईत तो बायको विसरेल, आशीर्वाद नाही."

ती फुगली. जीव माझाही त्या फाइलीतच अडकला होता, तरी उघडू दिली नाही.

संध्याकाळी त्याचा फोन. "आई, आशीर्वाद दे. माझ्या नावाने फाइल आली तर उघडू नका, व्हायरस आहे. इथले कॉम्प्युटर बंद पडलेत." फोटो त्याने पाठवलाच नव्हता.

तुमच्या लांबच्या माणसाची अशी खूण कोणती? नसेल तर ठरवून ठेवा, आणि खूण दिसली नाही तर आधी फोन करा.

ग्रेसी तो ईमेल पुसायला बसली तेव्हा मी म्हटलं, "जरा थांब. त्याचं नाव कुठलं ते दाखव." तिने बोट ठेवलं. ईमेल खोटा, पण नाव तर त्याचंच. दोघींनी बघून घेतलं, मग पुसलं.