काकूंचा आडवा हात

चौथीनंतर हातात पेन फारसं आलं नाही. अक्षर वाकडं येतं, ऱ्हस्व-दीर्घही चुकतील. हे कोणाला दाखवायचं नाही, तरी आधीच माफी मागते.

मैनाकाकू महाल भागात आमच्या शेजारी राहायच्या. आता त्या नाहीत. महानुभाव पंथाच्या, मांस-मासळी वर्ज्य. लग्नाच्या पंगतीत वाढपी आला की त्या ताटावर हात आडवा धरायच्या. "थांब गा. या झाऱ्यानं मासोळी त नाही काढली?" पोरं मागून नक्कल करायची. काकू म्हणायच्या, "हासा बाप्पा. पोट आहे माहं, कचऱ्याची पेटी नाही."

आमच्या घरी मासे शिजतात. काकूंसाठी मी एक पेला आणि चहाचं भांडं वेगळं ठेवलं होतं. माझ्याकडच्या चहाबद्दल त्या कधीच विचारत नसत.

काकू सांडगे-वड्या घालून विकायच्या. सारं काम उकिडवं बसून, त्यात गुडघे गेले. तेव्हाच माझ्या नणंदेने मला कोलाजेन पावडरचे डबे विकायला दिले. एका डब्यामागे थोडे पैसे सुटत. नणंद म्हणायची, "गुडघ्यात नवं वंगण तयार होते, वहिनी." तेच मी काकूंना सांगितलं. डबा हातात फिरवत त्यांनी विचारलं, "सुमन, यात आपल्याले न चालणारं काही नाही ना वं?"

डब्यावर सारं इंग्रजी. मला कुठे वाचता येतं? तरी मी म्हणाले, "नाही काकू, बिनधास्त घ्या."

काकू रोज दुधातून घेऊ लागल्या, डबा संपला की दुसरा न्यायच्या. "जरासं हलकं वाटून राहिलं वं," म्हणायच्या. मी आतून फुलून यायची. पुढे पायांवर सूज दिसली म्हणून मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. काकूंनी पिशवीतून डबा काढून दाखवला. डॉक्टरांनी मागची बाजू वाचली.

"आजी, तुम्हाला मासे चालतात?"

काकू हसल्या. "मजाक नका करू, डॉक्टरसाहेब."

"हे माशाच्या कातडीपासून करतात. काहींचं दुखणं थोडं कमी होतं, काहींना फरकच पडत नाही. बहुतेकांना अपाय होत नाही, पण झिजलेला गुडघा नवा होत नसतो. सूज कशाची आहे ते तपासू, तोवर बंद ठेवा. कोणी दिलं हे?"

मी फरशीकडे पाहत राहिले. काकूंनी डबा परत घेऊन पिशवीत घातला. त्या म्हणाल्या, "घेतलं असंच बाजारातून."

परतताना ऑटोत त्या एवढंच बोलल्या, "तुले माहीत नव्हतं, हे समजते मले. मंग 'माहीत नाही' असं काहून नाही म्हटलं वं?"

डबा खपवायचा होता, हे मला तोंडाने सांगता आलं नाही.

काकूंनी आश्रमात जाऊन प्रायश्चित्त घेतलं. गल्लीत कोणाला कळू दिलं नाही. मी डब्यांचे पैसे थोडेथोडे परत करू लागले. त्या नको म्हणायच्या, मी वड्यांच्या सुपाखाली ठेवून यायची.

शेवटचे पैसे द्यायचे होते, त्या दिवशी मी त्यांना घरी बोलावलं. नोटा पदरात बांधून त्या बसल्या. मी त्यांच्याच पेल्यात चहा आणला. काकूंनी पेल्यावर हात आडवा धरला.

"सुमन, हा पेला कोणी घेतला त नव्हता?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आवाजात राग नव्हता. वाढप्याला विचारायच्या, तसंच विचारलं.

'नाही' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून मी आत गेले, सुनेला विचारलं, भांडं पाहिलं. मग बाहेर येऊन म्हणाले, "नाही काकू. विचारून आले."

काकूंनी हात काढला आणि त्या चहा प्यायल्या. डब्यांचे पैसे त्या दिवशी पुरते फिटले.