शिक्का मारलेले आवाज

सुरक्षा सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, दुपारी साडेतीन वाजता, महाळुंग्यातल्या आमच्या कंपनीच्या कँटीनमध्ये मी माइकवर चार मिनिटं नुसते आवाज काढले. त्यात एकही शब्द नव्हता.

प्रत्येक शॉपने, म्हणजे कारखान्यातल्या प्रत्येक विभागाने, एक कार्यक्रम द्यायचा होता. मजकूर आधी समितीकडे द्यायचा, समितीने वाचून शिक्का मारला की मगच सादर करायचा, असा नियम होता. मी प्रेस शॉपमध्ये ट्रेनी होतो. ट्रेनिंगची मुदत संपत आली होती आणि कायम करायच्या कामगारांच्या यादीसाठी सुपरवायझरने माझं नाव वर पाठवलं होतं. माझ्या कागदावर 'ढाक् ढाक् हेऽप, गर्र गर्र, ए ए ए, हां हां हां' अशा बावीस ओळी होत्या. समितीतल्या एकाने अर्थ विचारला. काही नाही, असं मी सांगितलं. शिक्का बसला.

प्रेस शॉपमध्ये कानात प्लग घालून काम चालतं. शब्द पोहोचत नाहीत, आवाजाचा चढउतार तेवढा पोहोचतो. सुपरवायझर दिवसभर आमच्यावर ओरडायचा. मोठ्या साहेबांचा फोन आला की काचेच्या केबिनमध्ये जाऊन त्याच तोंडाने लोण्यासारखा बोलायचा. फोन ठेवला की दार उघडून परत ओरडणं. मला त्याचा राग होता. मी तो चढउतार जसाच्या तसा घेतला. शब्द नाहीत म्हणजे पुरावा नाही, असं मी धरून चाललो होतो.

पहिलं मिनिट पेंट शॉपवाले हसले. त्यांना काही कळत नव्हतं. "याला पाणी द्या रे कुणीतरी," एक जण म्हणाला. आमच्या शॉपचे तीस जण हसले नाहीत. त्यांनी आवाज ओळखला होता. मी मऊ आवाजातल्या 'हां हां हां'वर आलो तेव्हा त्या तिसांनी एकदम मान वळवून सुपरवायझरकडे बघितलं. मग सगळं कँटीन तिकडे बघू लागलं. टाळ्या पडल्या नाहीत. खाली उतरल्यावर शेजारचा ऑपरेटर माझ्याकडे न बघता म्हणाला, "भावा, तू गेलास."

दुसऱ्या दिवशी मला एचआरच्या केबिनमध्ये बोलावलं. सुपरवायझर आधीच बसला होता.

"तीन वर्षं याला शिकवलं, साहेब," तो म्हणाला. "नाव मीच पाठवलं. आणि हा चारशे लोकांसमोर माझी नक्कल करतो."

एचआर साहेबांनी कागद उचलला आणि हजेरी घ्यावी तशा आवाजात सगळ्या ओळी वाचून काढल्या. "ढाक् ढाक्. ए ए ए. यात तुम्ही कुठे आलात?"

"असं नव्हतं ते."

"मग कसं होतं?"

सुपरवायझर उभा राहिला आणि त्याने करून दाखवलं. 'ए ए ए'ला त्याचा आवाज काचेवर आदळला. बाहेर टायपिंग थांबलं. मग फोन कानाला लावल्यासारखा हात धरून, खांदे पाडून, तो 'हां हां हां' म्हणाला. माझ्यापेक्षा हुबेहूब. मध्येच त्याला आपण काय करतोय ते कळलं असावं. तो खाली बसला. एचआर साहेब टेबलाकडे बघत होते.

"तू हे मुद्दाम केलंस का?" त्यांनी मला विचारलं.

कागदावर समितीचा शिक्का होता. नाही म्हणता आलं असतं.

"हो, साहेब," मी म्हणालो.

"ऐकलंत ना?" सुपरवायझर म्हणाला. या वेळी त्याचा आवाज अगदी साधा होता.

पुढच्या सोमवारी पहिल्या शिफ्टला यादी गेटजवळच्या फलकावर लागली. तिच्यात प्रेस शॉपची पाच नावं होती. माझं नव्हतं.