माफीची तरतूद

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजधानीत, आर. के. पुरमच्या बसस्टॉपवर उभी होते. भाऊजी एवढंच म्हणाले, "सुटली गं बिचारी..." त्याला आता दीड महिना होईल.

माझी ही थोरली बहीण इथल्या सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी होती. कोर्टात सरकार हरलं की निकालाची रक्कम देण्यासाठी विधानसभेत पुरवणी मागण्यांचं विधेयक मांडलं जायचं. त्याचा मसुदा तिच्या हाताखालून जायचा. घरी ती ऑफिसबद्दल चकार शब्द काढत नसे. एका संध्याकाळी मात्र आली ती चपला न काढताच बाल्कनीत जाऊन उभी राहिली.

"आज माझी खुर्ची जप्त झाली," ती म्हणाली.

मला हसूच आलं. मग तिने सांगितलं. गाझियाबादच्या ओमप्रकाशजींचा पाय इथल्या एका सरकारी दवाखान्याची भिंत कोसळून गेला होता. भरपाईचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण ज्याला विचारावं तो म्हणे, आमच्याकडे तरतूद नाही. अखेर कोर्टाचा बेलिफ थकलेल्या रकमेपोटी ऑफिसातल्या सामानाच्या जप्तीचा हुकूम घेऊन आला. "मॅडम, ज़रा उठिए," म्हणाला. ताई उठली. शिपाई स्टूल आणायला धावला, तर तिने त्याला थांबवलं.

"ते दारात कुबडीवर उभे होते गं. लाज मला वाटायला हवी ना? तर मान त्यांनीच खाली घातलेली..."

पुढच्या अधिवेशनात विधेयक आलं. कोर्टाने ठरवलेली रक्कम द्यावीच लागते, तिच्यावर मतदान होत नाही. कुणी काही बोललंही नाही. ताई अधिकाऱ्यांच्या सज्जात बसून होती. "चहा निवायच्या आत झालं सगळं," ती म्हणाली. "मला वेड्यासारखं वाटत होतं, कुणीतरी निदान एक वाक्य बोलेल."

कुणी बोललं नाही म्हणून ती स्वतःच गाझियाबादला त्यांच्या घरी गेली. सोबतीला मला नेलं. ओमप्रकाशजींनी तिला दारातच ओळखलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बसायला सांगितलं, पाणी आलं. ताई बोलायला तोंड उघडणार, तोच त्यांच्या बायकोने आतून एक पाकीट आणून तिच्यापुढे ठेवलं.

"मॅडम, चेक मिल गया. ये आपका..." ओमप्रकाशजी म्हणाले.

ताईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिने पाकीट मागे सारलं आणि हात जोडले. "नहीं नहीं, बाबूजी. मैं तो माफी माँगने आई हूँ."

त्यांनी बायकोकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात विचारलं, "कम है क्या, मॅडम?"

मी जमिनीकडे बघत राहिले. ताईने पुन्हा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं. ते मान हलवत होते, पण डोळ्यांतली भीती काही जाईना. शेवटी आम्ही उठलो. पाकीट तिथेच होतं. बसमध्ये ताई खिडकीकडे तोंड करून रडली. मी तिचा हात धरला होता, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत, असं प्रकरण आलं की ती फाइलवर लिहायची : रकमेसोबत संबंधिताला खात्याने दिलगिरीचं पत्र पाठवावं. दरवेळी फाइल वरून परत यायची, ते वाक्य खोडून. एका साहेबांनी तर समोर बसवून समजावलं, "मॅडम, पैसे देण्याची तरतूद आहे. याची नाही."

ती तरीही लिहीत राहिली. आजारपणात हे सगळं मला सांगताना पहिल्यांदाच हसली. "खोडायला का होईना, त्यांना ते वाचावं तर लागायचं!"

परवा भाऊजींकडे गेले होते. नेहमीचा नळ दुरुस्त करणारा येऊन बराच वेळ खाली ताटकळला होता. बेल बंद पडली होती. भाऊजींनी दार उघडलं, क्षणभर घुटमळले आणि म्हणाले, "माफ करना भाई, आपको रुकना पड़ा." तो गोंधळला. मग म्हणाला, "मॅडम भी ऐसे ही बोलती थीं."