बर्नार, पण त्यातले कुठले?

काल सुपरमार्केटात जॅमच्या बरणीवर ‘बर्नार’ हे फ्रेंच आडनाव दिसलं आणि नव्वदच्या दशकातली, आखातातली आमची करामा वस्ती आठवली, बाबांच्या केटरिंगच्या किचनमधल्या फोडणीच्या वासासकट. तिथे भागीदारीचं बोलायला एक बर्नार आले होते. या आडनावाचा एक शास्त्रज्ञ होऊन गेला, एक चित्रकार, एक नाटककार, असं त्यांनीच कौतुकाने सांगितलं. बाबांनी सवयीने विचारलं, “मग ते तुमचे कोण?” “कोणीच नाही,” ते हसले, “आमच्याकडे हे आडनाव गल्लोगल्ली सापडतं.” बाबांचा चेहरा बदलला. आत येऊन आईला कुजबुजले, “एवढी मोठी माणसं, आणि हा एकालाही आपलं म्हणत नाही? घरच्यांनी टाकलेला दिसतोय. काहीतरी भानगड आहे.” बाहेर पाहुण्यांनी विचारलं, “आणि तुमच्या आडनावाचा तो क्रिकेटपटू?” “आमच्याच भावकीतला!” बाबा ठामपणे म्हणाले. हा माणूस सरळ थापा मारतोय, असं पाहुण्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग अर्धा चहा तसाच ठेवून उठले, ते पुन्हा आलेच नाहीत. काल घरी आलो तर मुलगी टीव्हीवर त्याच क्रिकेटपटूची जुनी मॅच बघत होती. “बाबा, इज ही रियली फॅमिली?” तिने डोळे बारीक करून विचारलं. “म्हणजे काय,” मी म्हणालो, “माझा सख्खा चुलतकाका.”