मांडीवर आईचा दगड

आमच्यात माणूस गेलं की त्याच्या नावाचा दगड, आधी गेलेल्यांच्या दगडांशेजारी, गावाच्या शिवेवर उभा करतात. आमचं गाव मात्र आता नवेगावच्या राष्ट्रीय उद्यानात गेलं. माणसं देवरीच्या रस्त्यावर नव्या वस्तीत आली, आजा-पणजाचे दगड तिथंच राहिले. गेल्या वर्षी आई वारली. तिचा दगड पूजा करून बाबांनी घरी आणून ठेवला होता, आणि तो शिवेवर नेऊन बसवायचाच, असा त्यांनी हट्ट धरला होता.

परवानगीसाठी हेलपाटे घालून मी वैतागलो. शेवटी म्हटलं, चला, सफारीचं तिकीट काढू. आपल्याच गावाला तिकीट काढून जायचं, काय दिवस आले! पिशवीत दगड घेतला, वरून बाबांचा दुपट्टा झाकला.

जिप्सीत बाबा, मी आणि माझी मुलगी. तिला खडकांचं भारी वेड. टेकडीवरचे गुलाबट खडक दिसले आणि ती सुरू झाली. हा ग्रॅनाइट, म्हणे जमिनीच्या पोटातला तापलेला रस सावकाश निवून झालेला. वरचा थर झिजला म्हणून उघडा पडला, आता कांद्यासारखे पापुद्रे सुटताहेत. उन्हात त्यातला अभ्रक चमकत होता. एरवी मी दगडाकडे ढुंकूनही बघत नाही, त्या सकाळी बघतच राहिलो. बाबांचं लक्ष रस्त्याकडे होतं.

वळणावर मोहाखाली आमचे दगड दिसले. गवतात बुडालेले, पण उभे.

"थांबव बाप्पा, थांबव. जरासा उतरतो," बाबा म्हणाले.

"उतरता येत नाही बाबाजी," गाइड म्हणाला. "वाघीण पिल्लं घेऊन इथंच फिरून राहिली. माही नोकरी जाईल." मग दुपट्टा सरकलेल्या पिशवीतल्या दगडावर त्याची नजर गेली. त्यानं आवाज खाली आणला. "इथूनच फेकून द्या ना. कोणी नाही पाहून राहिलं."

बाबांनी दगड दोन्ही हातांनी उचलला. मला वाटलं, फेकतात. त्यांनी तो मांडीवर घेतला.

"बायको हाय माही. फेकू कशी?"

मला गाइडचा राग आला, नियमांचा आला, त्या वाघिणीचाही आला. तिचा बिचारीचा काय दोष! जिप्सी पुढे निघाली. मुलगी नंतर एकाही खडकाबद्दल बोलली नाही.

घरी आल्यावर बाबांनी दगड धानाच्या कोठीजवळ पुन्हा उभा केला आणि त्याच्यासमोरच बसले.

"मी मेलो का माह्या नावाचा गोटा आणू नोको," ते म्हणाले. "नेशील कुठं?"