गोळी किती खोल बसवावी

कुवेतमधल्या समस्त मराठी माणसांत 'अंदाजे' या शब्दाचा इतका तिरस्कार करणारी दुसरी व्यक्ती झाली नाही आणि होणार नाही. आणि ती माझ्या बायकोची सख्खी आत्या आहे, हे मी अनोळखी माणसालाही छाती फुगवून सांगतो. आत्या मूळच्या नाशिकच्या, एकट्या राहणाऱ्या, अहमदीतल्या तेल कंपनीत इंजिनिअर. पर्समध्ये कंगव्याशेजारी व्हर्निअर कॅलिपर. गणपतीत आमच्या घरी त्यांनी मोदकाच्या पारीची जाडी मोजली, तेव्हा माझी मुलगी म्हणाली, "आजी, इट्स जस्ट अ मोदक!" "म्हणूनच," आत्या म्हणाल्या, "मोदक काही परत वळता येत नाही."

त्यांचं खरं प्रेम रायफलवर. शुक्रवारी सकाळी त्या वाळवंटातल्या नेमबाजी क्लबात जायच्या आणि विकतच्या काडतुसांवर विश्वास नसल्याने क्लबच्याच परवाना असलेल्या खोलीत बसून स्वतःची काडतुसं भरायच्या. त्यामागचं शास्त्र त्यांनी मला वरणभातावर समजावलं. "हे बघा जावईबापू, पितळी नळकांडं तेवढंच, दारूही तेवढीच. पण गोळी जरा जास्त खोल बसली की आतली जागा कमी होते. जागा कमी झाली की दाब चढतो, आणि बहुधा वेगही. वेग बदलला की नेम गेला. दाब फारच चढला तर रायफल हातात फुटते." "मग बाहेरच ठेवावी," मी सुचवलं. "फार बाहेर ठेवली तर नळीच्या आतल्या पिळाच्या आट्यांना टेकते. तेव्हाही दाब चढतो!" माझं वरण गार झालं, पण तेव्हापासून बाटलीचं बूचसुद्धा मी बेफिकिरीने दाबलेलं नाही.

एका हिवाळ्यात हाताने भरलेल्या काडतुसांची स्पर्धा झाली, तेव्हा मी सहकुटुंब टाळ्या वाजवायला हजर होतो. क्लबचे प्रमुख, एक वयस्क कुवेती गृहस्थ, आत्यांना 'मुहंदिसा', म्हणजे इंजिनिअरबाई, म्हणत आणि आत्यांनीच भरलेली काडतुसं वापरत. दोघं शेजारीशेजारी झोपून नेम धरत होते आणि आत्या सगळ्यांच्या पुढे होत्या. शेवटच्या फेरीत त्यांची एक गोळी सुटली आणि बाजूच्या पडद्यावर वेगाचा आकडा एकदम वर उडाला. गोळी लागली होती बरोबर मधोमध. आम्ही टाळ्या पिटल्या. आत्यांनी मात्र रायफल रिकामी केली, हात वर केला आणि प्रमुखांना म्हणाल्या, "सर, आप भी रुकिए. ये गोलियाँ मैंने बनाई हैं, और मुझे ही भरोसा नहीं."

"माफी मुश्किल, कोई बात नहीं, मुहंदिसा! थोडा तेज है, बस. तुम जीत रही हो!" ते वैतागले. स्वतः दुसऱ्या क्रमांकावर होते, वैतागणारच.

"नहीं, सर."

शेवटी प्रमुखांनीही रायफल खाली ठेवली आणि दोघांचीही नावं स्पर्धेतून गेली. मग आत्यांनी उरलेली काडतुसं सगळ्यांसमोर मोजली. बऱ्याच गोळ्या ठरल्यापेक्षा खोल रुतल्या होत्या. गोळी बसवणाऱ्या साच्याचा नट भरता भरता ढिला झाला होता. कुणीतरी म्हणालं, मशीनचा दोष. आत्या म्हणाल्या, "नट ढिला होतोच. सुरुवातीच्या बरोबर आल्या, म्हणून पुढच्या मी मोजल्याच नाहीत. चूक माझी आहे." त्यांचा आवाज जराही हलला नाही, कान तेवढे लाल झाले होते. प्रमुख बराच वेळ खोल बसलेल्या गोळीचं एक काडतूस हातात फिरवत राहिले. मग त्यांनी आत्यांसाठी स्वतःच्या हाताने गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतली आणि घरी नातवंडांना ही गोष्ट सांगणार असल्याचं जाहीर केलं. ढाल दुसऱ्याच कुणीतरी नेली. त्याचं नाव मला आठवत नाही. परतताना, जिंकून येणाऱ्यांच्या गाडीत जो रुबाब असेल, तो रुबाब आमच्या गाडीत होता.

पुढे आत्या निवृत्त झाल्या आणि नाशिकला परतल्या. तिथे बाग आहे, बहीण आहे, सगळं आहे. तरी शुक्रवारी सकाळी फोन येतोच. आधी मुलीची चौकशी, मग सहज विचारल्यासारखं, "आज तिकडे वारा कसाय?" पूर्वी मी काहीतरी ठोकून द्यायचो. आता फोन वाजण्याआधीच बाल्कनीत जाऊन समोरच्या मॉलवरचे झेंडे बघून ठेवतो.

"पडलाय, आत्या. झेंडे लोंबतायत."



"मग आज मजा आली असती," आत्या म्हणतात.